मर्यादित पैशांत मुलांचा गेमिंग संगणक: कोणत्या भागावर किती खर्च करावा

‘आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ अशा धाटणीची जाहिरात संगणकाच्या दुकानात आणि समाजमाध्यमांवर नेहमी दिसते. तिच्यातला एकही शब्द खोटा नसतो, तरीही ती खरेदीदाराला जवळजवळ काहीच सांगत नाही. या वर्णनात २०११ साली बाजारात आलेला चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) इंटेल कोअर आय५-२४०० बसतो आणि २०२२ सालचा सहा कोअरचा कोअर आय५-१२४०० सुद्धा बसतो. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणजे साध्या डीडीआर३ मेमरीचे, २०१४ सालचे जीटी ७३० असू शकते आणि २०१९ सालचे जीटीएक्स १६५० देखील असू शकते. एका संगणकावर मुलाचा आवडता खेळ अडखळेल किंवा सुरूच होणार नाही आणि दुसऱ्यावर तो व्यवस्थित चालेल, पण जाहिरातीची ओळ दोन्हींची एकच राहील. ज्या घरात हा खर्च महिनोन्‌महिने बाजूला टाकलेल्या पैशांतून होणार आहे, त्या घराला हा फरक आधी कळायला हवा, आणि तो कळण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. निर्णय योग्य क्रमाने घेतले की पुरते: आधी खेळ, मग मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड, त्याला साजेसा प्रोसेसर, आणि या सर्वांना वीज पुरवणारा चांगला एसएमपीएस. बहुतेक ठिकाणी खरेदी याच्या उलट क्रमाने होते. आधी प्रोसेसरचे नाव ठरते, मग चकचकीत कॅबिनेट पसंत पडते, आणि उरलेल्या पैशांत जे बसेल ते कार्ड व एसएमपीएस घेतले जातात.

आधी खेळ आणि मॉनिटर

खेळ चालू असताना संगणकात दोन मोठी कामे एकाच वेळी होत असतात. प्रोसेसर खेळातल्या जगाचा हिशेब ठेवतो, म्हणजे कोण कोठे उभा आहे, कोणाला काय लागले, पुढच्या क्षणी काय घडणार हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड त्या जगाचे चित्र काढते, आणि ते सेकंदाला अनेक वेळा नव्याने काढते. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यापैकी जो उशीर करील त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते, म्हणून एक भाग फार महाग आणि दुसरा फार स्वस्त घेतला तर महाग भागाचे पैसे वाया जातात.

कार्डाला किती काम पडेल हे मॉनिटरवर अवलंबून असते. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात आणि फोर-के मॉनिटरवर त्यांची संख्या ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट होते. मर्यादित बजेटमध्ये २४ इंची, फुल एचडी, आयपीएस प्रकारचा (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणारा) आणि १०० हर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश रेटचा (सेकंदाला चित्र बदलण्याच्या वेगाचा) मॉनिटर हीच योग्य निवड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या मॉनिटरच्या मोहात पडल्यास मॉनिटरचे पैसे तर वाढतातच, शिवाय तो चालवण्यासाठी कार्डही वरच्या दर्जाचे घ्यावे लागते.

पण मॉनिटर ठरवण्याच्याही आधी मुलाशी किंवा मुलीशी शांतपणे बसून खेळांची यादी करावी. आज कोणते खेळ आवडतात आणि पुढच्या दोन वर्षांत कोणते खेळायची इच्छा आहे, एवढेच विचारायचे. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलरंट हे खेळ कार्डाच्या दृष्टीने हलके आहेत. व्हॅलरंटमध्ये सेकंदाला १४४ फ्रेम मिळाव्यात म्हणून तो खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने स्वतः सुचवलेले कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ सालचे साधे कार्ड होते. मुलाची सारी मित्रमंडळी व्हॅलरंटवरच जमत असेल, तर त्याच्यासाठी पंचवीस-तीस हजारांचे कार्ड घेण्याचे काही कारण नाही. माइनक्राफ्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. मूळ खेळ हलका असला तरी त्यात प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारे शेडर घातले की तोच खेळ कार्डाची परीक्षा पाहतो, आणि मुले शेडर घालतातच. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला आणि आजच्या स्वस्त कार्डांवरही तो चांगला चालतो, मात्र युरोपातल्या पेगी या वर्गीकरणानुसार तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे. सायबरपंक २०७७ सारखे खेळ खरोखर जड आहेत. २०२४ पासून काही मोठे खेळ तर असे आले आहेत की रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याची) सोय नसलेल्या कार्डावर ते सुरूच होत नाहीत. आणि मुलाच्या डोक्यात बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) असेल, तर तो खेळ अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आहे, संगणकासाठी नाही, हे पैसे खर्च होण्यापूर्वीच दोघांनाही स्पष्ट असावे.

ग्राफिक्स कार्ड: जीबी आणि नाव यांच्या पलीकडे

कार्डाच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत त्याची मेमरी छापलेली असते आणि तीच सर्वांत जास्त दिशाभूल करते. कार्डावर किती मेमरी आहे हे महत्त्वाचे आहेच, पण त्या मेमरीतून माहिती किती वेगाने ये-जा करते हे तितकेच महत्त्वाचे आहे. गच्चीवरची टाकी मोठी असली आणि तिला जोडलेला पाइप बारीक असला तर खालच्या नळाला पाणी करंगळीएवढेच येते. आरएक्स ६६०० या कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे. जीटी १०३० हे कार्ड दोन रूपांत विकले गेले: जीडीडीआर५ मेमरी असलेल्या रूपाचा वेग ४८ जीबी, आणि साधी डीडीआर४ मेमरी असलेल्या रूपाचा सुमारे १७ जीबी. नाव एकच, मेमरी दोन्हींत २ जीबी, आणि खेळताना मिळणाऱ्या फ्रेममध्ये मात्र मोठी तफावत. जीटी ७१०, जीटी ७३० आणि जीटी १०३० ही कार्डे खेळांसाठी घेऊच नयेत, त्यांवर ४ जीबी लिहिलेले असले तरीही.

नावाचा गोंधळ अलीकडच्या कार्डांतही आहे. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबी मेमरीसह आले आणि २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे कार्ड आले. दुसऱ्यात फक्त दोन जीबी कमी नाहीत, त्यातला चित्र काढणारा भागही छोटा आहे आणि मेमरीचा वेगही कमी आहे. असे असले तरी ६ जीबीच्या कार्डाला एक खास उपयोग आहे. ते ७० वॅटमध्येच चालते, त्यामुळे त्याला वेगळी वीजतार लागत नाही. त्याविषयी पुढे जुन्या संगणकांच्या संदर्भात सांगतो.

नवे, जड खेळ खेळायचे असतील तर आज कार्डावर किमान ८ जीबी मेमरी असावी. या गटात एएमडीचे आरएक्स ६६०० हे २०२१ सालचे कार्ड फुल एचडीसाठी अजूनही उपयोगी आहे आणि वाजवी भावात मिळत असेल तर कमी बजेटमध्ये ते आधी पाहावे. थोडे अधिक पैसे असतील तर एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० किंवा २०२५ ची आरटीएक्स ५०५० व ५०६० ही कार्डे येतात. मुलाला पुढे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय चित्रे किंवा व्हिडिओ संपादन शिकायचे असेल तर एनव्हिडियाच्या कार्डाचा तेथे खरोखर फायदा होतो, कारण त्या क्षेत्रातली अनेक सॉफ्टवेअरे त्याच कार्डांशी उत्तम जुळवून बनवलेली असतात. इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले कार्ड १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडते, पण जुन्या किंवा कमी ताकदीच्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी बरीच खाली येते, त्यामुळे स्वस्त संगणकात ते विचारपूर्वकच घ्यावे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळावे. त्याची मेमरी ४ जीबी आहे आणि ते मदरबोर्डाशी (सर्व भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीशी) फक्त चार मार्गिकांनी जोडले जाते, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये ते आणखी मंदावते.

खोक्यावरच्या आणखी एका दाव्याविषयी सावध राहावे. डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांत कार्ड छोटे चित्र काढते आणि ते हुशारीने मोठे करून दाखवते. ही सोय खरी आणि उपयोगी आहे. पण त्यांच्या जोडीला येणारे फ्रेम जनरेशन दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक किंवा अधिक रचलेली चित्रे घालते. त्यामुळे हालचाल मऊ दिसते, पण कळ दाबल्यावर खेळाने प्रतिसाद देण्याचा वेग वाढत नाही. दोन कार्डांची तुलना करताना अशा रचलेल्या फ्रेम वगळलेले आकडेच पाहावेत.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम

प्रोसेसरच्या बाबतीत ‘आय५ की आय७’ हा प्रश्नच अपुरा आहे. पिढी कोणती हे आधी विचारावे. २०११ सालच्या आय५ पेक्षा २०२२ चा कोअर आय३-१२१००एफ खूप वेगवान आहे, जरी दोघांत चारच कोअर असले तरी. खेळांसाठी सहा कोअरचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर पुरेसा असतो: एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ. हे दोन्ही खोक्यातल्या पंख्यासह येतात आणि त्यांना तो पंखा पुरतो, त्यामुळे पाण्याने थंड करणाऱ्या कूलरवर या वर्गातल्या संगणकात एक रुपयाही घालू नये. तोच पैसा कार्डाकडे वळवावा.

इंटेलच्या नावाच्या शेवटी असलेले ‘एफ’ हे अक्षर नीट पाहावे. त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, आणि कार्ड बसवल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. ज्यांना आज कार्डासाठी पैसे काढणे शक्य नाही त्यांच्यासाठी रायझन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर चांगला मार्ग आहे. त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, व्हॅलरंट आणि कमी सेटिंगवर जीटीए ५ खेळता येतात, आणि वर्षभराने कार्ड घालता येते. कार्ड घातल्यानंतर तो ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो, कारण त्याच्यातली कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) निम्मी आहे. पण टप्प्याटप्प्याने खरेदी करणाऱ्या घराला हा सौदा परवडतो.

मदरबोर्डवर फार खर्च करण्याची गरज नसते, मात्र त्याचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, पुढची वाट ठरवतो. एएम४ सॉकेटचे बोर्ड आणि त्यांची डीडीआर४ रॅम तुलनेने स्वस्त आहे, पण त्या सॉकेटची वाट संपत आली आहे. एएम५ हा २०२२ मध्ये आलेला सॉकेट फक्त डीडीआर५ रॅम घेतो आणि त्याला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देत राहू, असे एएमडीने सांगितले आहे. पैसे खरोखर कमी असतील तर एएम४ निवडण्यात काही चूक नाही, कारण चार-पाच वर्षे चालणाऱ्या संगणकात कार्ड बदलले जाते, प्रोसेसर सहसा तोच राहतो. दहा-पंधरा हजार रुपये अधिक असतील तर एएम५ वर रायझन ५ ७६०० घेणे अधिक दूरदृष्टीचे ठरेल. स्वस्त बोर्डांवर बहुधा वायफाय नसते हेही आधी पाहून ठेवावे. राउटर जवळ असेल तर लॅनची केबल ओढणे हाच स्वस्त आणि ऑनलाइन खेळांसाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

रॅम १६ जीबी असावी आणि ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोहोचवते आणि दोन पट्ट्या मिळून ५१.२ जीबी, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. वेगळे कार्ड नसताना, म्हणजे ५६००जी सारख्या प्रोसेसरसाठी, हा फरक फार मोठा असतो, कारण त्याचे ग्राफिक्स याच रॅमवर जगते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने वाढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली आणि कारखान्यांनी तिकडे लक्ष वळवले. म्हणूनच या लेखात मी सुट्या भागांचे भाव देत नाही. वर्षापूर्वीचा कोणताही अंदाजपत्रकाचा तक्ता आज चुकेल. रॅमच्या जागी पैसे वाचवायचेच असतील तर वापरलेल्या डीडीआर४ पट्ट्या घेण्याचा विचार करता येतो, कारण रॅम सहसा झिजत नाही आणि मेमटेस्ट८६ या मोफत साधनाने ती रात्रभर तपासता येते.

साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावर थेट बसणारी, वेगवान) घ्यावी. साध्या हार्ड डिस्कवर आजचे मोठे खेळ उघडताना खूप वाट पाहावी लागते. ५०० जीबीत भागेल असे वाटते, पण जीटीए ५ सारखा एकच खेळ शंभर जीबीच्या वर जागा घेतो. जमल्यास एक टीबी घ्यावी, नाहीतर निदान बोर्डावर दुसऱ्या एसएसडीसाठी जागा आहे ना ते पाहावे.

एसएमपीएस आणि घरातले अर्थिंग

या भागाविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण सर्वांत जास्त काटकसर येथेच होते आणि सर्वांत मोठे नुकसानही येथूनच होते. एसएमपीएस हा भिंतीवरची २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर विजेत रूपांतर करतो. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सारी वीज १२ व्होल्टच्या तारांतून घेतात. त्यामुळे एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे आणि त्याला १२ ने गुणावे. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या ‘४५० वॅट’च्या एसएमपीएसवर १६ अँपिअर दिसले, तर त्याची खेळासाठी उपयोगी ताकद १९२ वॅटच आहे. हा गुणाकार दुकानात उभे राहून अर्ध्या मिनिटात करता येतो आणि तो कोणत्याही विक्रेत्याच्या शब्दापेक्षा खरा असतो.

गरज किती असते? आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, रायझन ५ ५६०० ला जास्तीत जास्त नव्वदच्या आत, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांना मिळून पन्नासच्या आसपास धरले तर एकूण सुमारे २७० वॅट होतात. तरीही ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा, कारण कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या नेमलेल्या वॅटपेक्षा बरीच अधिक वीज ओढते, उन्हाळ्यात एसएमपीएसवर ताण वाढतो, आणि पुढे अधिक ताकदीचे कार्ड घालायची सोय राहते. कार्डासाठी लागणारी आठ पिनांची तार एसएमपीएसमधूनच निघालेली असावी. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरला जोडून बनवलेले कन्व्हर्टर दुकानदार सहज देतात, पण पातळ तारांमधून जास्त वीज गेल्यावर ते तापतात आणि वितळू शकतात.

‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का असलेला एसएमपीएस निवडावा, मात्र त्याचा अर्थ समजून घ्यावा. हा शिक्का सांगतो की निम्म्या भाराला सुमारे ८५ टक्के वीज कामी येते आणि उरलेली उष्णता होते. सुरक्षिततेविषयी तो काहीच सांगत नाही. व्होल्टेज वाढल्यास, शॉर्ट सर्किट झाल्यास किंवा भार फार वाढल्यास वीज आपोआप तोडणारी संरक्षणे एसएमपीएसमध्ये वेगळी असावी लागतात, आणि नामांकित उत्पादकांच्या माहितीपत्रकात त्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. जेथे तो नाही, तेथे कार्ड आणि बोर्ड दोन्ही एका दुपारी जळण्याचा धोका आपण विकत घेत असतो.

आता भिंतीकडे वळू. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार अनेक घरांत असते, आणि ‘थोडेसे करंट लागतेच’ म्हणून ती सोडून दिली जाते. तिचे कारण असे की एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. भिंतीवरच्या सॉकेटचा तिसरा, जाड पिनचा मार्ग जमिनीपर्यंत नीट पोहोचत असेल तर तो किरकोळ प्रवाह तेथून निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा धातू सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार कमी असल्याने एरवी इजा होत नाही, पण एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर त्या वेळी मुलाला वाचवणारा मार्गच नसतो. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि गावाकडच्या घरांत तिसऱ्या भोकामागे तारच नाही असे अनेकदा आढळते. संगणक आणण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ) नसेल तर तीही बसवून घ्यावी. हा खर्च संगणकाच्या बजेटचाच भाग समजावा.

लोडशेडिंगच्या भागात यूपीएस हवा. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार घेतो, त्यामुळे वरचा संगणक मॉनिटरसह त्यावर जेमतेम बसतो, आणि १००० व्हीएचा घेतला तर निश्चिंतपणे बसतो. यूपीएस खेळ चालू ठेवण्यासाठी नसून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, हे मुलाला सांगून ठेवावे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे, नाहीतर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरात संगणक बंद पडतो. मासिक बिलाची काळजी असलेल्यांसाठी हिशेब असा: ३०० वॅटचा संगणक रोज तीन तास पूर्ण भाराने चालला तरी महिन्याला सुमारे २७ युनिट होतात.

कॅबिनेट निवडताना समोर काच नको, जाळी हवी. काचेच्या दर्शनी भागामागून हवा आत येत नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान चाळिशीजवळ असताना कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करते. समोर दोन पंखे, मागे एक, आणि धूळ अडवणारी काढता येण्याजोगी जाळी एवढे पुरते. रंगीत दिव्यांसाठी मुले हट्ट धरतात. त्यांचा तो आनंद खरा आहे, आणि दिव्यांची एखादी पट्टी वेगळी लावून तो थोड्या पैशांत देता येतो.

जुना माल घ्यावा का

घ्यावा, पण भाग पाहून. कंपन्यांनी बदलून टाकलेले ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर असे ऑफिसचे संगणक नूतनीकरण करून विकले जातात आणि ते टिकाऊ असतात. त्यांत इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढीच घ्यावी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालते. व्हॅलरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी सुरू असल्याशिवाय चालतच नाही. या संगणकांचा एसएमपीएस बहुधा त्या कंपनीच्या खास आकाराचा असतो आणि त्याला कार्डाची तार नसते. तेथे मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच चालणारे कार्ड लागते, आणि वर सांगितलेल्या आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी रूपाची जागा नेमकी हीच आहे. कॅबिनेट अरुंद असेल तर त्याचे कमी उंचीचे रूप मागावे.

जुने कार्ड घेताना अधिक काळजी घ्यावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर खाणकामात, म्हणजे गणिते सोडवून ते चलन कमावण्यात, वापरलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारात आली. त्यांपैकी बरीच ठीक असतात, पण पंखे झिजलेले असतात. याहून मोठा धोका म्हणजे आतली ओळख बदलून एका कार्डाला दुसऱ्याचे नाव दिलेले असते. जीपीयू-झेड या मोफत साधनाने खरी चिप ओळखता येते, म्हणून कार्ड आपल्या डोळ्यांसमोर लावून, अर्धा तास जड खेळ चालवून मगच पैसे द्यावेत. जीटीएक्स १०६० सारखी दहाव्या मालिकेतली कार्डे आता स्वस्त मिळतात, पण एनव्हिडियाने २०२५ च्या अखेरीस त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बंद केले असून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या आहेत. जुना एसएमपीएस मात्र कधीही घेऊ नये.

कोटेशन, जुळणी आणि पहिला दिवस

मॉनिटरसह साठ-सत्तर हजार रुपये हाताशी आहेत असे धरले, तर कार्डाला एकूण रकमेचा तिसरा हिस्सा द्यावा, प्रोसेसर आणि बोर्डाला मिळून चौथा, आणि विंडोजचा अधिकृत परवाना, कीबोर्ड, माउस, हेडफोन यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत, कारण हे शेवटी आठवतात. पुण्यातली तपकीर गल्ली असो, मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन दुकान, दर ठिकाणी प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल नाव लिहिलेले कोटेशन मागावे. ‘१६ जीबी रॅम, ब्रँडेड एसएमपीएस’ असे लिहून दिले तर परत करावे. दोन दुकानांची कोटेशने शेजारी ठेवली की स्वस्त कोटेशनमध्ये कोणता भाग हलका घातला आहे ते लगेच दिसते, आणि तो भाग बहुतेक वेळा एसएमपीएस असतो.

जुळणी दुकानातच करून घ्यावी आणि मुलाला सोबत न्यावे, कारण कोणता भाग काय करतो हे एकदा पाहिले की पुढे धूळ साफ करणे किंवा रॅम वाढवणे त्याला स्वतः जमते. घरी आल्यावर चार गोष्टी तपासाव्यात, कारण त्या चुकल्या तर चांगला संगणकही मंद वाटतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावलेली असावी. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग चालू करावी, कारण ती बंद असेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच धावते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने वाढवावा, नाहीतर १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वरच अडकलेला राहू शकतो. आणि एखादा जड खेळ अर्धा तास चालवून तापमान पाहावे. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे, आणि तो तिच्याजवळ पोहोचत असेल तर पंखा नीट बसलेला नाही असे समजून दुकानात परत न्यावा.

असेंबल केलेल्या संगणकाची वॉरंटी एकत्र नसते. प्रत्येक भागाची मुदत आणि सेवा केंद्र वेगळे असते, आणि तेथे अनुक्रमांकासह जीएसटीचे बिल मागतात. त्यामुळे बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कार्ड आणि एसएमपीएसवरच्या चिकटपट्ट्यांचे फोटो बसवण्याआधीच काढून ठेवावेत, आणि खोकी निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत.